जुनी फोर्ड फॅक्टरी, बुकित तिमा: सिंगापूरला येताय तर अर्धा दिवस इथे द्याच

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे कापला ते खाली येईलच. १९४२ मध्ये ब्रिटिश सैन्य जपान्यांना जिथे शरण गेलं तीच ही जागा. हे म्युझियम आहे, थीम पार्क नाही, त्यामुळे पोरं कंटाळतील का असा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांना खरं उत्तर असं की पाच-सहा वर्षांची नक्की कंटाळतील, दहाच्या पुढची नाही, आणि मोठी माणसं तर हलायलाच तयार नसतात, निदान आमच्याकडे येणारे पाहुणे तरी.

इथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराचा पाहुणे फिरवायचा एक रूट ठरलेला असतो. मर्लायन, गार्डन्स बाय द बे, युनिव्हर्सल, नाइट सफारी, आणि शेवटी मुस्तफा, तिथून चॉकलेटं आणि बाम. ते सगळं तीन-चार दिवसांत आटपतं आणि मग सासऱ्यांच्या वयाची माणसं सोफ्यावर बसून विचारायला लागतात की बाई इथे इतिहासाचं काही नाही का, सगळं काचेचंच आहे का. त्यांच्यासाठी ही जागा. सिंगापूर पन्नास-साठ वर्षांपूर्वी मच्छीमारांच्या खेड्यातून एकदम उगवलं असं जे व्हॉट्सॅपवर फिरतं ना, ते इथे आल्यावर दहा मिनिटांत उतरतं, कारण १९४१ सालीच इथे गाड्यांची असेंब्ली करणारा कारखाना होता आणि तो आग्नेय आशियातला फोर्डचा पहिला असा कारखाना होता. शहर तेव्हाच श्रीमंत होतं, रबर आणि कथलाच्या जिवावर, आणि ब्रिटिशांना ते कुणाच्या बापाला घेता येणार नाही असं मनापासून वाटत होतं.

जागा अशी आहे की अप्पर बुकित तिमा रोडवर एका चढावर ही बसकी पांढरी इमारत, समोरून आर्ट डेको, मुंबईत मरीन ड्राइव्हला बघतो त्या काळातली. मागचा शेडचा भाग पाडून तिथे कॉन्डो झालेत, पुढचा ऑफिसचा भाग तेवढा ठेवलाय. आत नॅशनल अर्काइव्हजचं प्रदर्शन आहे. इमारत उभी राहिली १९४१ मध्ये, गाड्या बनवायला जेमतेम सुरुवात होतेय तोवर युद्ध आलं, मग ब्रिटिश हवाई दलाने इथे लढाऊ विमानं जोडायला घेतली, आणि ती विमानं शहर वाचवण्याऐवजी शेवटी शेवटी शहरातून बाहेरच पाठवून दिली. नंतर जपान्यांनी इथे ट्रक बनवले, १९४७ ला फोर्ड परत आली आणि १९८० पर्यंत गाड्या बनवत राहिली. एवढ्याशा इमारतीने काय काय बघितलंय.

पण लोक येतात ते एका खोलीसाठी. १५ फेब्रुवारी १९४२, रविवार, चिनी नववर्षाची सुट्टी चालू, संध्याकाळी ब्रिटिशांचा सेनापती जनरल पर्सिव्हल आपले तीन ऑफिसर घेऊन शेवटचा टप्पा पायी चालत इथे आला, एकाच्या हातात युनियन जॅक, एकाच्या हातात पांढरा झेंडा. तो फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असणार, हाफ पँट, लांब मोजे, डोक्यावर त्या पसरट लोखंडी टोप्या आणि शेजारी जपानी ऑफिसर. फॅक्टरीच्या बोर्डरूममध्ये जपान्यांचा सेनापती जनरल यामाशिता समोर बसला आणि साधारण तासाभरात सहा वाजून दहा मिनिटांनी शरणागतीवर सही झाली. साडेआठला गोळीबार थांबला. ब्रिटिशांच्या हातून इतकं मोठं सैन्य एका झटक्यात आधी कधी शत्रूच्या ताब्यात गेलं नव्हतं.

खोली बघून पाहुण्यांचा पहिला रिॲक्शन ठरलेला असतो, "एवढीशीच?" हो, एवढीशीच. एक लांब टेबल, खुर्च्या, खिडक्या. टेबलसुद्धा ओरिजिनल नाही, नक्कल आहे, खरं टेबल ऑस्ट्रेलियाने नेलंय, कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमध्ये आहे. काही लोकांना याचा राग येतो. मला उलट ती साधी खोलीच आवडते. मेणाचे पुतळे नाहीत, बूम-बूम आवाज नाहीत, लाल लाइट नाहीत. मेणाचे पुतळे बघायचेच असतील तर सेंटोसावर फोर्ट सिलोसोमध्ये आहेत, तिथे पोरं खूश होतात, तोफांवर हात ठेवून फोटो येतात, ते वेगळं. इथे तुम्ही टेबलाशेजारी उभं राहायचं आणि दोन माणसांच्या मनात काय चाललं असेल ते आपलं आपण जुळवायचं.

ते जुळवायला थोडी माहिती लागते, म्हणून सांगते. आमच्याकडच्या प्रत्येक काकांना एक गोष्ट पाठ असते की ब्रिटिशांच्या तोफा समुद्राकडे तोंड करून होत्या आणि जपानी मागून आले, म्हणून हरले. अर्धं खरं. बऱ्याच तोफा जमिनीकडे वळवता येत होत्या आणि वळवल्याही, त्यांनी मारा केला, पण त्यांच्याकडचा दारूगोळा बहुतेक जहाजांची चिलखतं फोडायचा होता, मोकळ्या रानात पसरलेल्या पायदळावर तो काय कामाचा, जमिनीत खड्डा पाडून शांत. खरा घोळ त्याच्या कितीतरी आधी झाला होता. ८ डिसेंबर १९४१ ला जपानी मलायाच्या, म्हणजे आजच्या मलेशियाच्या इकडच्या भागाच्या, वरच्या टोकाला कोता बारूला उतरले, त्याच पहाटे चारच्या सुमाराला सिंगापूरवर पहिला बॉम्बहल्ला झाला आणि तेव्हा शहरातले रस्त्यावरचे दिवे चालू होते, चक्क चालू. दोन दिवसांनी प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स ही दोन मोठी जहाजं विमानांनी बुडवली, आठशेच्या वर खलाशी गेले आणि समुद्रावरचा सगळा भरवसा त्यांच्याबरोबर तळाला. मग जपानी पायी, ट्रकने आणि सायकलींवर बसून अख्खं मलाया उतरत आले. सायकली, हो. जानेवारीच्या शेवटच्या दिवशी ब्रिटिशांनी बेटाला पलीकडच्या जोहोरशी जोडणारा कॉजवे, म्हणजे खाडीवरचा भराव घालून केलेला रस्ता, उडवला, ८ फेब्रुवारीच्या रात्री जपानी वायव्येकडून खाडी ओलांडून बेटावर आले आणि पुढच्या आठवड्यात खेळ खलास. कोता बारू ते ही बोर्डरूम, सगळं मिळून सत्तर दिवस.

त्या टेबलावर यामाशिता जो खेळ खेळला तो मला दरवेळी भारी वाटतो. त्याच्याकडे माणसं होती तीस हजारांच्या आसपास, समोर त्याच्या दुपटीहून कितीतरी जास्त, आणि त्याचा दारूगोळा संपत आलेला. शहरातल्या गल्ल्यांमध्ये लढाई लांबली असती तर त्याची पंचाईत होती, आणि हे त्याला माहीत होतं. पर्सिव्हलला माहीत नव्हतं. पर्सिव्हल दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ मागत होता, अटींचं बोलत होता, आणि हा टेबलावरून एकच धोशा, हो की नाही ते सांगा, नाहीतर रात्रीचा हल्ला ठरलेलाच आहे. शुद्ध पोकर. आमचे सासरे बँकेतून रिटायर झालेत, ते तिथे उभं राहून म्हणाले की हा माणूस कर्ज वसुलीला पाहिजे होता.

पर्सिव्हलला शिव्या घालणं सोपं आहे आणि सगळे घालतात. पण भिंतीवरची माहिती नीट वाचली तर त्याची बाजूही कळते. निर्वासित येऊन येऊन शहर दहा लाखांच्या घरात गेलेलं, पाण्याचे तलाव जपान्यांच्या हातात, जे पाणी येत होतं ते फुटलेल्या पाइपांमधून रस्त्यावर वाहत होतं, बॉम्बने रोज शेकड्याने माणसं मरत होती आणि पुरायला जागा नाही. आदल्या दिवशी अलेक्झांड्रा हॉस्पिटलमध्ये जपानी शिरले आणि पेशंट, डॉक्टर असं काही न बघता माणसं मारली. निर्णय झाला तो फोर्ट कॅनिंगच्या टेकडीखालच्या बंकरमध्ये, बॅटलबॉक्स म्हणतात त्याला, तोही बघता येतो, नऊ मीटर खाली, कोंदट, तिथे १५ तारखेच्या सकाळी सगळे कमांडर बसले आणि प्रतिहल्ला करायचा की शरण जायचं यात शरण जायचं ठरलं. वेळ असेल तर आधी बॅटलबॉक्स मग फोर्ड फॅक्टरी असा क्रम लावा, सकाळ आणि संध्याकाळ एकाच दिवसात होते, गोष्ट पण सरळ लागते.

आता खरा मुद्दा. बहुतेक युद्धाची म्युझियमं लढाईवर सुरू होतात आणि लढाईवरच संपतात, नकाशे, बाण, बंदुका, झालं. इथे लढाई अर्ध्यात संपते आणि मग जपानी राजवटीची साडेतीन वर्षं सुरू होतात. हे मला सगळ्यात जास्त पटलं. गोरे लोक हरले, चांगीला कैदेत गेले, पण बाकीच्या लाखो लोकांना दुसऱ्या दिवशी उठून तांदूळ कुठून आणायचा हा प्रश्न होता, आणि प्रदर्शन त्यांच्याच मागे जातं. शहराचं नाव बदललं, स्योनान. घड्याळं टोकियोच्या वेळेवर, दीड तास पुढे. शाळेत जपानी, चौकात शिपाई उभा असेल तर कमरेतून वाकून नमस्कार, नाही केला तर थोबाडीत. वर्तमानपत्र त्यांचं, रॅफल्स हॉटेलसुद्धा त्यांचं, रॅफल्सचा पुतळा उचलून म्युझियमात.

पहिल्याच आठवड्यात जपान्यांनी चिनी वस्तीला घेरलं. अठरा ते पन्नास वयाच्या चिनी पुरुषांना तपासणीच्या ठिकाणी यायचा हुकूम, दिवसदिवस उन्हात बसवून ठेवलं, तोंडावर बुरखे घातलेले खबरे समोरून जाणाऱ्यातल्या कुणाकडे बोट दाखवणार, चष्मा लावतो म्हणून कुणी बाजूला, मास्तर आहे म्हणून कुणी बाजूला. जो सुटला त्याच्या कागदावर नाहीतर कपड्यावर नाहीतर सरळ कातडीवर तपासला असा शिक्का. ज्यांच्या अंगावर शिक्का मारला ते लोक कित्येक दिवस तो हात धूत नव्हते. जे ट्रकमध्ये चढवले गेले ते चांगीच्या किनाऱ्यावर, पुंगोलला, आणि आज जिथे आपण पोरांना युनिव्हर्सलला नेतो त्या सेंटोसाच्या आसपासच्या पाण्यात संपले. आकड्यावर आजही भांडण आहे, जपानी बाजू पाच-सहा हजारांच्या आसपास म्हणते, इथला चिनी समाज चाळीस-पन्नास हजार म्हणतो. वर मलायाच्या चिनी लोकांकडून पाच कोटी डॉलरची भेट, म्हणजे खंडणीच. १९६२ मध्ये सिगलॅपला सामूहिक कबरी सापडल्या तेव्हा परत सगळं उफाळून आलं, आणि १९६६ मध्ये जपानने जे दिलं तेही पाच कोटी डॉलरच, त्यातले निम्मे कर्ज म्हणून. हा योगायोग वाचून माझा नवरा तिथेच मोठ्याने "काय लोक आहेत" म्हणाला आणि शेजारची एक म्हातारी चिनी बाई आमच्याकडे बघून मान हलवून पुढे गेली, तिला मराठी कळलं नसणार पण सूर कळला.

वस्तूंमध्ये थांबून बघावी अशी माझ्या मते ती दहा डॉलरची नोट. तिच्यावर केळीचं झाड, घड लोंबतोय, म्हणून सगळे बनाना मनीच म्हणायचे. आपल्या नोटांवर जसा नंबर असतो तसा सुरुवातीच्या नोटांवर होता, मग छापखान्याने नंबर टाकणंच सोडलं, नुसती अक्षरं, पहिलं अक्षर एम म्हणजे मलाया. नोटेला नंबर नाही म्हणजे किती छापल्या ते सरकारलाही मोजायचं नाही, अजून काय सांगायचं महागाईबद्दल. शेवटी शेवटी नोटांची थैली न्यायची आणि मूठभर काहीतरी आणायचं अशी गत. आणि १९४५ ला ब्रिटिश परत आले तेव्हा त्या सगळ्या नोटा रद्दी. ज्यांनी साडेतीन वर्षं धंदा करून पैसे साठवले ते एका सकाळी कंगाल. घरात नोटबंदीची आठवण निघतेच, पण इथे बदलून द्यायला कुठली बँकच नव्हती.

खाण्याचं पण आहे. तांदूळ ब्रह्मदेशातून यायचा, तो बंद, मग घरापुढे, मैदानात, जिथे माती दिसेल तिथे रताळी आणि टॅपिओका लावा असा प्रचार. टॅपिओका म्हणजे तोच कंद ज्याच्यापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो. आमच्या सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या मग काय वाईट, रोज खिचडी, आणि मग त्यांनी पुढचं वाचलं, सकाळी तेच, दुपारी तेच, तेल नाही, मीठ महाग, पायाला सूज येतेय, मुलं वाढत नाहीयेत. मग काही बोलल्या नाहीत.

आता आपला विषय, आणि इथेच माझा अर्धा तारा कापलाय. या टेबलावर जे सैन्य हरलं त्यात निम्म्याच्या आसपास आपले लोक होते. पंजाब, डोगरा, गढवाल, बलूच, हैदराबाद अशा कितीतरी पलटणी आणि जोडीला गुरखे, उत्तर मलायापासून लढत मागे मागे येत राहिलेले, बरेचसे नुकते भरती झालेले, कित्येकांनी त्याआधी रणगाडा बघितलाही नव्हता. पर्सिव्हलच्या सहीनंतर दोन दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, जवळपास पंचेचाळीस हजार भारतीय कैदी फॅरर पार्कच्या मैदानावर गोळा केले, गोऱ्या ऑफिसरांना वेगळं काढलं, एका ब्रिटिश ऑफिसरने त्यांना जपान्यांच्या हवाली केलं, मग जपानी मेजर फुजिवारा बोलला, मग आपल्यातलेच कॅप्टन मोहनसिंग बोलले आणि आझाद हिंद सेनेची सुरुवात झाली. आता हे फॅरर पार्क कुठे आहे, तर मुस्तफाच्या पलीकडे, चालत पाच-सात मिनिटं. आपली माणसं दरवर्षी हजारोंनी मुस्तफात तासन्‌तास काढतात आणि कुणाला पत्ता नसतो. फोर्ड फॅक्टरीत हा भाग आहे, नाही असं नाही, पण माझ्या मते तो दुप्पट तरी असायला हवा होता, आणि आपण जाताना थोडं वाचून गेलो तर ती खोली वेगळीच दिसते. नुसता ब्रिटिशांचा पराभव म्हणून बघू नका. साहेबाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ मानून जे घरून निघाले त्यांना साहेबानेच इथे दुसऱ्याच्या हातात दिलं, त्यांच्या बाजूने ती खोली बघा.

एक इशारा पण देऊन ठेवते, कारण आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर यावरून वाजलंय. नेताजींमुळे आपल्याकडे बऱ्याच जणांना जपानी म्हणजे आपल्या बाजूचे असं वाटतं. नेताजी जुलै १९४३ ला इथे आले, कॅथे बिल्डिंगमध्ये रासबिहारी बोसांकडून सूत्रं घेतली, दुसऱ्या दिवशी पाडांगवर चलो दिल्ली, २१ ऑक्टोबरला परत कॅथेमध्येच आझाद हिंद सरकारची घोषणा, हे सगळं खरं आणि अंगावर काटा आणणारं आहे. पण त्याच जपान्यांनी मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर हजारोंनी ब्रह्मदेशच्या रेल्वेवर नेऊन मारले, आणि जे भारतीय कैदी सेनेत यायला नाही म्हणाले त्यातल्या कित्येकांना न्यू गिनीसारख्या ठिकाणी मजुरीला पाठवलं, तिथून फार थोडे परत आले. दोन्ही गोष्टी एकाच शहरात एकाच वेळी चालल्या होत्या. आमचे एक पाहुणे यावर चिडले, म्हणाले तू ब्रिटिशांची बाजू घेतेस. घेत नाही हो काका, मी फक्त भिंतीवरचं पूर्ण वाचते.

मराठी माणसाने मुद्दाम बघावं असं म्हणाल तर दोन नावं. एक जगन्नाथराव भोसले, सावंतवाडीकडचे, ब्रिटिश सैन्यात लेफ्टनंट कर्नल, इथे कैद झाले आणि पुढे आझाद हिंद सेनेचे चीफ ऑफ स्टाफ, स्वातंत्र्यानंतर दिल्लीत पुनर्वसन खात्याचे उपमंत्री. कोकणातल्या किती जणांना हे माहीत असतं देव जाणे, मला तरी शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं म्हणजे झाशीची राणी रेजिमेंट, आझाद हिंद सेनेतली बायकांची पलटण. वॉटरलू स्ट्रीटला त्यांचा कॅम्प होता, कॅप्टन लक्ष्मी प्रमुख, आणि त्यातल्या बऱ्याच मुली मळ्यांवरच्या मजुरांच्या, ज्यांनी भारत कधी डोळ्यांनी बघितला नव्हता, आणि त्या तांब्यांच्या मनूच्या नावाने बंदूक चालवायला शिकत होत्या. माझ्या मुलीने इथे येऊन हे ऐकलं तेव्हा पहिल्यांदा युनिव्हर्सल सोडून दुसऱ्या कशाबद्दल घरी जाऊन आजीला फोनवर सांगितलं.

नामांतराचा किस्साही सांगते, कारण तो या जागेचाच आहे. २०१७ मध्ये प्रदर्शन नव्याने उघडलं तेव्हा त्याला स्योनान गॅलरी असं नाव दिलं होतं. झालं, लोक खवळले, ज्या नावाखाली आमच्या आजोबांना मारलं ते तुम्ही पाटीवर लावता? दोन दिवसांत मंत्र्यांनी माफी मागितली आणि नाव बदललं. सिंगापूरसारख्या शिस्तीच्या देशात सरकारने दोन दिवसांत माघार घेतली म्हणजे जखम किती ओली आहे ते समजा. नामांतराचं राजकारण आपल्याला कुणी शिकवायला नको, पण दोन दिवसांत मिटलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटच्या भागात सगळं कसं उलटलं ते आहे. तोच पर्सिव्हल कैदेतून सुटून २ सप्टेंबर १९४५ ला जपानने शरणागतीवर सही केली तेव्हा मिसुरी जहाजावर अमेरिकन जनरल मॅकार्थरच्या मागे उभा होता, आणि दुसऱ्या दिवशी फिलिपिन्समध्ये यामाशिता शरण आला तेव्हा तिथेही समोर हजर. यामाशिताला पुढच्या फेब्रुवारीत फाशी झाली. सिंगापूरची जपानी शरणागती १२ सप्टेंबरला सिटी हॉलमध्ये, जिथे आता नॅशनल गॅलरी आहे. पण ब्रिटिश परत आले तरी तो जुना रुबाब काही परत आला नाही, लोकांनी त्यांना पळताना बघितलं होतं. येताच त्यांनी काय केलं, तर आझाद हिंद सेनेचं समुद्राकाठचं स्मारक सुरुंग लावून उडवलं. आता एस्प्लनेड पार्कमध्ये त्या जागी एक खूण आहे, मर्लायनच्या फोटोनंतर पूल ओलांडून गेलात तर दिसेल.

थोडं कामाचं. नवीन ह्यूम स्टेशन झाल्यापासून डाउनटाउन लाइनने येणं एकदम सोपं, स्टेशनवरून चालत पोचता. पण मी पाहुण्यांना मुद्दाम क्वीन स्ट्रीटवरून १७० नंबरच्या बसने आणते, ती पुढे कॉजवे ओलांडून जोहोरला जाते, म्हणजे जपानी ज्या रस्त्याने शहरात घुसले त्याच रस्त्यावर तुम्ही उलट्या दिशेने चाललेले असता, खिडकीतून चढ-उतार बघितले की बुकित तिमाची टेकडी गेल्यावर शहर का गेलं ते नकाशाशिवाय कळतं. बसमध्ये जोहोरच्या कामगारांची गर्दी असते, संध्याकाळी उभं राहायला लागेल, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी ट्रेन घ्या. इथल्या नागरिकांना आणि पीआरना, म्हणजे कायम राहायची परवानगी असलेल्यांना, फुकट, बाहेरच्या पाहुण्यांना तीनएक डॉलर, येण्याआधी वेबसाइटवर दर आणि बंदचा दिवस बघून घ्या. आत एसी कडक, शाल ठेवा. वाचायला भरपूर आहे, इंग्रजी न येणाऱ्यांना कुणीतरी शेजारी उभं राहून सांगावं लागतं, नाहीतर ते बिचारे दहा मिनिटांत बाकावर जाऊन बसतात. गाइडची फेरी मिळत असेल तर सोडू नका, आम्हाला मिळालेल्या काकू एवढं छान बोलत होत्या की दुसरा ग्रुपही आमच्यात मिसळला.

एक सांभाळा, बाहेर काही टूरवाले वॉर टूर म्हणून पॅकेज विकतात, माझ्या नणंदेने असंच एक बुक केलं होतं, नाव घेत नाही, त्यांनी बस बाहेर उभी करून गेटवर फोटो काढायला वीस मिनिटं दिली आणि थेट आउटलेट मॉलला नेलं. त्यापेक्षा स्वतः या.

जेवायला एक स्टेशन पुढे ब्युटी वर्ल्ड, वरच्या मजल्यावर फूड सेंटर आहे, आणि गंमत म्हणजे ब्युटी वर्ल्ड नावाचं जे मूळ करमणुकीचं पार्क होतं ते जपानी राजवटीतच दुसऱ्या नावाने सुरू झालेलं, जुगारासकट. कडक शाकाहारी असाल तर तिथे फार शोधाशोध करू नका, त्याच लाइनने लिटल इंडियाला उतरा, डोसा खा, आणि मुस्तफाला जाण्याआधी फॅरर पार्कला एक चक्कर मारा. क्रांजीचं युद्धस्मारक वेगळ्या दिवशी ठेवा, ते लांब आहे आणि भिंतींवर चोवीस हजारांच्या वर नावं आहेत, भारतीय नावं शोधत बसलात तर दुपार जाते.

फेब्रुवारीच्या मध्यात येणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की १५ तारखेच्या आसपास शाळांच्या बसेस येतात, शरणागतीच्या तारखेला पाळला जाणारा टोटल डिफेन्स डे असतो, बोर्डरूममध्ये चाळीस पोरं एकदम घुसतात. त्यांना जाऊ द्या आणि मग आत जा.